मोकळी ओळ

१

शेखरला गाता येत नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "देवानं गळा दिला नाही, म्हणून दुसऱ्याच्या गळ्यातल्या चुका काढायला कान दिले," असं म्हणून तो मोठ्याने हसायचा. समोरचा गायक बिचारा कसनुसा हसायचा, कारण पुढचे दोन तास त्याच कानांशी गाठ असायची.

इंदिरानगरातल्या त्याच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधली मागची खोली म्हणजे स्टुडिओ. खोलीच्या मधोमध दुहेरी काच. अलीकडे शेखरची खुर्ची, कॉम्प्युटर आणि टॉकबॅकचं बटण, म्हणजे जे दाबलं की त्याचं बोलणं आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये ऐकू जायचं. पलीकडे बूथ. भिंतींना फोम, एक स्टँड, एक माइक आणि माइकच्या पुढे गोल कडीत ताणलेलं काळं पातळ कापड, थुंकी आणि फुंकर अडवायला. मुंबईहून संगीत तयार होऊन यायचं, गाणारे नाशिक-मालेगावकडचे यायचे आणि शेखर त्यांचे आवाज त्या संगीतावर बसवायचा. उतरलेला सूर उचलायचा, मागे पडलेला शब्द पुढे सरकवायचा. पंधरा वर्षं हेच केलं. सिनेमावाले म्हणायचे, शेखरकडे गेलेलं गाणं इस्त्री होऊन येतं.

श्वास काढण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन शब्दांच्या मधे गायक श्वास घेतो, तो माइकवर ऐकू येतो. शेखर तांदळातले खडे वेचावेत तसे ते वेचून टाकायचा. श्वास काढला की तिथे भोक पडतं, आणि भोक कानाला खुपतं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी एसी-पंखा बंद करून तो रिकाम्या बूथची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवायचा. या धंद्यात तिला रूम टोन म्हणतात. श्वासाच्या जागी त्या शांततेचं ठिगळ लावलं की कोणाला पत्ता लागत नाही.

त्या मंगळवारी दुपारी त्याने असाच रूम टोन घेतला तो लेकीसाठी. वेदिका एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मुंबईच्या एका संगीतकाराला तिचा आवाज आवडला होता. त्याने गाण्याचं संगीत पाठवलं होतं आणि निरोप दिला होता, रविवारपर्यंत गाऊन पाठवा, जमलं तर सिनेमात हाच आवाज राहील. पोरीला तीन रात्री झोप नव्हती. ती वरवर "बघू रे बाबा, नाही तर नाही" म्हणायची, पण तिच्या बापाला कान होते.

शेखरने ती तीस सेकंदं हेडफोन लावून ऐकली. नेहमीची भरीव शांतता. आणि अकराव्या सेकंदाला, अगदी जवळून, कोणीतरी श्वास आत घेतला.

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. श्वास होता. पण घेतलेला नुसता, सोडलेला नाही. गाणारा माणूस ओळ उचलायच्या आधी घेतो तसा.

"मीच घेतला असेन," शेखर मोठ्याने म्हणाला. पण तो काचेच्या अलीकडे होता आणि माइक पलीकडे. त्याने श्वास कापून टाकला आणि चहा मागितला.

२

बुधवारी त्याने पक्का बंदोबस्त केला. शेखरचा स्वभावच तसा, एखादी गोष्ट खटकली की तिचा पिच्छा पुरवायचा. फ्रिज बंद केला. बायकोला, योगिनीला, कुरडयांचा चीक घेऊन गच्चीवर पाठवलं. रेकॉर्डिंग सुरू करून बूथचं दार ओढलं, खोलीला कुलूप लावलं आणि स्वतः पार्किंगमध्ये जाऊन उन्हात उभा राहिला. वॉचमनने विचारलं, "काय साहेब, किल्ली विसरला का?" शेखर म्हणाला, "नाही, हवा खातोय." एप्रिलच्या दुपारी दीड वाजता.

परत येऊन ऐकलं तर श्वास होते. एक नव्हे, पाच. बाईचे. कोवळ्या बाईचे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते झटकलं. श्वासाला काय वय असतं?

पाइपमधली हवा असेल. शेजारच्यांचा एसी असेल. माइक जुना झाला, त्याचं कनेक्शन सैल झालं असेल. ही सगळी कारणं त्याने ओळीने स्वतःला सांगितली आणि ती त्याला पटलीही असती. पण तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं मांडीवर ठेका धरतायत.

श्वासांमधली अंतरं सारखी नव्हती. एक लांब, एक आखूड, मग दोन लांब. हवेला, एसीला, सैल वायरला अशी अंतरं नसतात. गाण्याला असतात. आणि ही अंतरं त्याच्या बोटांना पाठ होती.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्याने कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचं एक गाणं उघडलं, त्यातला आवाज बंद केला आणि नुसतं संगीत ठेवलं. त्याच्याखाली नुकतीच घेतलेली ती शांतता ओढून आणून सोडली.

पंधरा वर्षांत त्याने हजारो आवाज संगीतावर बसवले होते. प्रत्येकाला केसभर तरी सरकवावं लागायचं. हे श्वास त्याने जिथे सोडले तिथेच बसले. एकही हलवावा लागला नाही. मग त्याने तो जुना आवाज सुरू केला. त्या आवाजात त्याने स्वतःच्या हाताने पाडलेली भोकं होती, ठिगळं लावून बुजवलेली. पाचही श्वास पहिल्या पाच ठिगळांवर येऊन बसले.

गाणारीचं नाव होतं मोहिनी.

३

मोहिनी सुरगाण्याकडची. आश्रमशाळेच्या कार्यक्रमात एका दिग्दर्शकाने तिला ऐकलं आणि म्हणाला, हिला घेऊन या, निदान डमी तरी गाऊ दे. मोठ्या गायिकेचा आवाज मिळेपर्यंत संगीतावर कोणाचा तरी आवाज लावून ठेवतात, त्याला डमी म्हणतात. डमी चांगला निघाला तर कधीकधी तोच राहतो. मोहिनीला हे कोणीतरी सांगितलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, नवीन पंजाबी ड्रेस, पायात भावाच्या चपला. ती पहाटे जीपने निघून दहाला इंदिरानगरात पोचली होती.

पहिली ओळ तिने म्हटली तेव्हा काचेच्या अलीकडे दिग्दर्शकाची माणसं कामं सोडून ऐकायला लागली. "तुझ्या वाटेला दिवा लावून बसले मी उंबऱ्याशी." साधीच ओळ. पण त्या पोरीने ती अशी म्हटली की शेखरच्या अंगावर काटा आला. फक्त एक खोट होती. 'दिवा' या शब्दानंतर ती श्वास घ्यायची. भर ओळीत. प्रत्येक ओळ तिची अशी अर्ध्यावर मोडायची.

शेखरने बटण दाबलं. "थांब. मधेच श्वास का घेतेस?"

ती बूथमधून गोंधळून म्हणाली, "मग पुढचं कोण घेणार?"

सगळे हसले. शेखर तर खो खो हसला. "अगं, पुढचंही तूच घ्यायचं! इथे दुसरं कोण आहे?" तिलाही हसू आलं, लाजेचं.

मग दुपारभर त्याने तिला सरळ केलं. स्वतः थंड खोलीत खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं. बूथमध्ये ना पंखा ना एसी, मे महिना. तिने 'दिवा' म्हणून श्वास घेतला की बटण दाबून तो म्हणायचा, "बंद. श्वास ऐकू आला. पुन्हा पहिल्यापासून." असं किती वेळा झालं ते त्याने मोजलं नाही. वेदिका तेव्हा आठ वर्षांची होती, ती दाराबाहेर चित्रं रंगवत बसली होती. ती मधेच म्हणाली, "बाबा, त्या ताईला पाणी देऊ का?" शेखर म्हणाला, "रेकॉर्डिंग चालू आहे, बोलू नकोस."

साडेचारला तिने सगळं गाणं एकदाही चुकीच्या जागी श्वास न घेता म्हटलं. बाहेर आली तेव्हा ओठ जांभळट झाले होते. योगिनीने तिला पायरीवर बसवून साखरपाणी दिलं. ती दम लागलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "आता बरोबर ना, सर?"

संध्याकाळी मुंबईहून संगीतकाराचा फोन आला. पोरीचाच आवाज ठेवू या का, तुमचं काय मत?

शेखरला माहीत होतं. त्या क्षणी, फोन कानाला असताना, त्याला स्वच्छ माहीत होतं की इतकं खरं गाणं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. 'हिचाच ठेवा' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर होते. पण दुपारभर ज्या पोरीला आपण नावं ठेवली तिची शिफारस करायची म्हणजे आपलीच दुपार चुकली म्हणायचं. तो म्हणाला, "गावठी आहे हो. दम नाही. मोठं नाव घ्या."

मोठं नाव घेतलं. पुढे तो सिनेमाच रखडला आणि गाण्यासकट डब्यात गेला. मोहिनीला कोणी काही कळवलं नाही. शेखर मनाशी म्हणायचा, कळवायचं काम माझं नव्हतं. हे तो अकरा वर्षं म्हणत आला होता, म्हणजे त्याला ते कधी पटलं नव्हतं.

४

शुक्रवारी पहाटे तो निघाला. योगिनीला सांगितलं, एका गायिकेकडे जाऊन येतो. वेदिकेला बजावलं, "मी येईपर्यंत बूथमध्ये जाऊ नकोस."

"का रे?"

"माइक बिघडलाय."

मोहिनीला भेटायचं, माफी मागायची, आणि जमलं तर तिचं एक गाणं रेकॉर्ड करून द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. वणीपर्यंत एसटीने गेला. चैत्राची यात्रा नुकतीच उरकली होती, स्टँडवर अजून नारळाच्या शेंड्या पडलेल्या होत्या. तिथून पुढे जीप. जीपवाल्याचं नाव हिरामण. तो मोठ्याने गाणी लावून घाट चढत होता.

"पाड्यावर कोनाच्या घरी जायचं, सर?"

"मोहिनी म्हणून आहे. गाणं म्हणायची ती."

हिरामणने हात लांब करून गाणं बंद केलं. नंतर उतरेपर्यंत त्याने लावलं नाही.

घर कुडाचं, सारवलेलं. तानुबाई, मोहिनीची आई, ओटीवर नागली पाखडत बसली होती. शेखरने नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तुम्ही ते नाशिकचे व्हय. ती सांगायची. काचेच्या पल्याड बसत्यात म्हनून."

"मोहिनी कुठे आहे?"

"ती गेली ना दादा. त्याच पावसात. भाताची आवनी चालू व्हती."

शेखर ओटीवर बसला. कोणीतरी बसा म्हटलं म्हणून नव्हे.

तानुबाईने रडत वगैरे सांगितलं नाही. अकरा वर्षांत रडणं सरून गेलं होतं. "डागदर म्हनला काळीज नाजूक व्हतं तिचं. आसंल. पन मी तिच्या बाजूलाच व्हते, चिखलात. आमच्यात आवनीला गानं म्हनत्यात. एकीनं आर्धी ओळ म्हनायची न् दम घ्यायचा. तिनं दम घेतला का दुसरीनं पुढची ओळ उचलायची. आसं दिसभर चालतं, कोनी दमत नाय. एकटीनं पुरी ओळ म्हनायचीच नसती. पन नाशिकवरनं आल्यापून मोहिनी ओळ सोडीच ना. आमी तोंड उघडून बसायच्या न् ही मधी थांबायचीच नाय. मी म्हनलं, आगं दम घे. तर म्हनली, आये, मधी दम घेतला का सर पुन्हा पहिल्यापून म्हनाया लावतात."

कोंबडी ओटीवर चढली, तिला तानुबाईने हुसकलं.

"म्हनता म्हनता बसली चिखलात. ती बसलीच."

मग पुढचं कोण घेणार? त्या प्रश्नावर आपण हसलो होतो. शेखर काही बोलणार तोच तानुबाई म्हणाली, "तुमच्यापाशी तिचा आवाज हाय का? ऐकवा मला. येकदा."

मोबाइलमध्ये ते गाणं त्याने घेतलं होतं. त्याने लावलं. म्हातारीने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, डोळे मिटले. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. तिचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला.

"ही मोहिनी नाय," ती फोन परत देत म्हणाली. "हिच्यात दमच नाय. दम कुटं गेला हिचा?"

"मी काढला," शेखर म्हणाला. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलंही नाही. "कापला मी. चूक झाली माझी, आई."

तानुबाईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "ओळी तुम्ही ठिवल्या न् दम टाकला. मंग तिच्यापाशी निस्ता दमच राह्यला. न् ओळ मोकळी." तिने सूप उचललं. "ओळ मोकळी ठिवू नये, दादा. बांधावरनं जानारी कोनीबी घेती. न् येकदा घेतली का शेत सपेतोवर सोडता येत नाय."

तेव्हा शेखरला आठवलं की आपण घरी वेदिकेला नुसतं 'माइक बिघडलाय' असं सांगून आलोय. आणि माइक बघता येण्याइतकी ती आपल्याकडूनच शिकलीय.

५

तो घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. कुरडयांचं ताट घेऊन योगिनी दारातच उभी होती, तिचा चेहरा उतरलेला.

"अहो, बरं झालं आलात. बारा वाजल्यापासून आत आहे पोरगी. म्हणाली, माइक ठीक आहे, बाबांना सरप्राइज देते. जेवायला हाका मारल्या तर थांबत नाही. आत जाऊन व्यत्यय कसा आणायचा म्हणून मी..." बूथवरचा लाल दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, हा शेखरचाच नियम. पंधरा वर्षांत योगिनीने तो कधी मोडला नव्हता.

काचेपलीकडे वेदिका गात होती. कॉम्प्युटरवर मुंबईच्या गाण्याचं संगीत उघडलेलं होतं, पण ते चालू नव्हतं. रेकॉर्डिंगही चालू नव्हतं, तरी लाल दिवा लागलेला होता. शेखरने हेडफोन उचलून कानाला लावला.

"तुझ्या वाटेला दिवा..."

श्वास.

"...लावून बसले मी उंबऱ्याशी."

सिनेमा डब्यात गेला होता, हे गाणं बाहेर कधी वाजलंच नव्हतं. पण वेदिकेने ऐकलं असेल की, शेखर स्वतःला म्हणाला. आठ वर्षांची असताना दुपारभर दाराबाहेर बसून ऐकलं होतं तिने. लहानपणचं असं काहीबाही वर येतं. आणि श्वास तिचाच आहे. दुसऱ्या कोणाचा असणार?

त्याने डोळे तिच्या खांद्यांवर रोखले. गाणाऱ्याचे खांदे बघायची त्याला सवय होती, श्वास कधी येणार ते खांदे आधी सांगतात. 'दिवा' आलं. कानात श्वास आला, कोवळा, घाईचा. वेदिकेचे खांदे हलले नाहीत. छाती हलली नाही. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, तिसरी. ती हलतच नव्हती. श्वास सगळे पलीकडून घेतले जात होते, आणि ओळी सगळ्या तिच्याकडे होत्या. असं कोणी चार तास गाऊ शकत नाही. चार मिनिटंसुद्धा नाही. आपलं बघायला चुकतंय, शेखर म्हणाला, आपण प्रवासातून आलोय, पोटात काही नाही.

वेदिकेने त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ जांभळट होते. डोळे आठ वर्षांच्या पोरीचे होते, जत्रेत हात सुटलेल्या.

त्याने बूथचं दार ओढलं. आतला उकाडा अंगावर आला. "वेदू, बास! बास झालं!" ती गातच होती. त्याने तिचे खांदे धरून हलवले, तरी गातच होती. माइकपुढचं काळं कापड तिच्या तोंडासमोर होतं, पण तिच्या फुंकरीने ते जराही हलत नव्हतं. पुन्हा 'दिवा' आलं. ते कापड सावकाश पलीकडे ओढलं गेलं, फुगीर झालं, आणि क्षणभर तसंच राहिलं. त्यावर मधोमध, जरासा उघडा, ओठांचा आकार उमटला होता. माइकच्या त्या बाजूला तोंड लावून कोणीतरी हवा आत घेत होतं.

शेखरने विचार केला नाही. केला असता तर त्याला जमलं नसतं. जन्मात कधी न गायलेल्या त्या माणसाने, लेकीने तोंड उघडायच्या आत, घोगऱ्या आणि बेसूर आवाजात पुढची ओळ उचलली.

"लावून बसले मी उंबऱ्याशी..."

वेदिकेच्या घशातून एक मोठा, फाटका श्वास आत गेला. ती गुडघ्यांवर पडली आणि खोकत राहिली. तो खोकला शेखरने पुढे कधी कापला नसता, जगातला सगळ्यात गोड आवाज होता तो. योगिनीने धावत येऊन तिला ओढत बाहेर नेलं. दार लागलं.

शेखर पुढची ओळ म्हणत होता.

६

मुखडा, तीन अंतरे. सहा मिनिटांचं गाणं. शेखरला ते अक्षर न् अक्षर पाठ होतं. शेत संपेतोवर सोडता येत नाही, म्हातारी म्हणाली होती. ठीक आहे. संपवू. सहा मिनिटं काय, माणूस पाण्याखाली बसल्यासारखा काढेल.

त्याच्या छातीवर कोणीतरी हात दाबून धरावा तसं झालं होतं. श्वास घ्यायची जागा आली की त्याच्या तोंडासमोरून तो घेतला जाई, आणि त्याला नुसती ओळ उरे. पहिल्या अंतऱ्याला त्याचे कान वाजायला लागले. आता त्याला कळत होतं बूथमध्ये किती उकडतं. पंधरा वर्षांत तो या बाजूला दुपारचा कधी उभा राहिला नव्हता. कळत होतं की काचेपलीकडचा माणूस इथून किती लांब दिसतो आणि त्याची पाठ खुर्चीला टेकलेली असते.

काचेपलीकडे योगिनीने वेदिकेला जमिनीवर बसवून मांडीशी धरलं होतं. पोरीच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. पण मधेच तिने मान वर केली. शेखरचा आवाज दुसऱ्या अंतऱ्यात लटपटला, तेव्हा तिचे ओठ हलायला लागले. योगिनीला ते दिसलं नाही. शेखरला दिसलं. त्याने आवाज सावरला. पोरीचे ओठ थांबले.

तिसरा अंतरा. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. मोहिनी, संपवू या गं, तो मनात म्हणत होता, चुकलं माझं, तुझं बरोबर होतं, एवढं संपवू या आणि तू मोकळी हो. कापड आत-बाहेर होत होतं, आणि त्याला वाटलं, कदाचित खोटंच वाटलं, की तो श्वासही आता घाईचा राहिला नाहीये. शेवटची ओळ आली. पुन्हा तोच मुखडा, एकदाच म्हणायचा. मग सगळं संपणार होतं.

"तुझ्या वाटेला दिवा..."

श्वास.

काचेपलीकडे टॉकबॅकचं लाल बटण पेटलं. खुर्ची रिकामी होती. योगिनी आणि वेदिका जमिनीवर होत्या, खुर्चीपासून लांब. खुर्चीची पाठ मात्र मागे रेललेली होती, वजनाने रेलावी तशी. बूथमधल्या स्टँडला अडकवलेल्या हेडफोनमध्ये खरखर झाली. आणि शेखरला एक आवाज ऐकू आला, अकरा वर्षांनी तरुण, थंड खोलीतला, मजेत असलेला. तो आवाज त्याने लगेच ओळखला.

"बंद. श्वास ऐकू आला. पुन्हा पहिल्यापासून."

शेखरने काचेकडे बघितलं. दोन शब्द होते, अकरा वर्षांपूर्वी जिभेवर येऊन परत गेलेले. हिचाच ठेवा. एवढंच त्या खुर्चीला सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण मुखडा सुरू झाला होता, पलीकडे वेदिकेचे ओठ हलायला लागले होते, आणि ओळ मोकळी होती.

त्याने ओळ घेतली.